लॅपटॉप मोडीत काढण्याआधी हार्डडिस्ककडे बघा

वाचकाचं पत्र :

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. अंबड आणि सातपूरच्या काही छोट्या वर्कशॉपवाल्यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरूनच बघते. लॅपटॉप २०१८ साली घेतलेला. खालच्या स्टिकरवर इंटेल कोअर आय-५, ८२५०-यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क असं लिहिलंय. विंडोज १० आहे. हल्ली बटण दाबून मी चहा टाकायला जाते, चहा पिऊन होतो तरी ते चक्र फिरतच असतं. टॅली उघडं ठेवून क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल लावलं की दोन्ही अडकतात. कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने लॅपटॉप उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, "मॅडम, इतकी वर्षं झाली, आता एक्सचेंजमध्ये टाका." मुलगा म्हणतो, ईएमआयवर नवीन घेऊ. मिस्टर म्हणतात, फॉरमॅट मारून आण, होईल नीट. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीमुळे हात जरा आखडताच आहे. एसएसडी टाकली की जुना लॅपटॉप पळायला लागतो असं ऐकते. हे खरं आहे की जुन्यावर पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं?

— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, नमस्कार.

नवीन घेऊ नका. आहे त्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चकत्या नसलेली डिस्क) टाका, रॅम वाढवा, पंखा साफ करून घ्या आणि मग विंडोज ११ वर या. इतकं ठामपणे सांगतोय ते तुम्ही स्टिकरवरचा आकडा जसाच्या तसा लिहून पाठवलात म्हणून. त्या ८२५०-यू मधला पहिला ८ म्हणजे इंटेलची आठवी पिढी, आणि नेमकी इथेच रेघ पडते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी इंटेलचे जे प्रोसेसर मान्य केलेत, ते थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे आहेत. विंडोज १० ची नेहमीची सेवा, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे सातव्या पिढीचा आय-५ असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सातव्या पिढीपर्यंत अशा सडपातळ लॅपटॉपमधल्या आय-५ ला दोनच कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम उरकणारे भाग, असायचे. आठव्या पिढीत ते चार झाले. टॅली, एक्सेल, पोर्टल, पीडीएफ, व्हॉट्सॲप वेब या कामाला तो प्रोसेसर आजही पुरून उरतो. नव्या लॅपटॉपांमध्ये जे सगळ्यात स्वस्त म्हणून पुढे करतात, त्यातल्या दोन कोअरच्या सेलेरॉनपेक्षा तुमचा आहे तोच प्रोसेसर जास्त ताकदीचा आहे. दुकानदाराने वर्षं मोजली, आत काय आहे ते बघितलं नाही.

मग पाणी कुठे मुरतंय? हे तुम्हाला स्वतःला बघता येईल. लॅपटॉप चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने येतील. माझा अंदाज असा, की सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर निवांत असेल, मेमरी नव्वदीत असेल आणि डिस्कचा रकाना लालभडक होऊन १०० टक्क्यांवर चिकटून बसलेला असेल. गंमत वाटेल, पण त्याच वेळी डिस्कचा प्रत्यक्ष वेग बघाल तर तो सेकंदाला एक-दोन एमबीसुद्धा असू शकतो. शंभर टक्के राबतेय आणि काम काडीचं नाही.

असं का होतं ते सांगतो, कारण ते कळलं की कुठला दुकानदार तुम्हाला नको ते विकू शकणार नाही. तुमच्या हार्डडिस्कमध्ये खरोखरच्या चकत्या फिरतात. लॅपटॉपच्या साध्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद चकतीवर जिथे असेल तिथे आधी वाचणारा काटा सरकतो, मग चकती फिरून ती जागा काट्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. सरासरी धरली तर अशा विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरसुद्धा वाचून होत नाहीत. आणि विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो बारीक बारीक फायली लागतात. किराण्याच्या यादीतला एकेक जिन्नस आणायला पंचवटीतून एमजी रोडला वेगवेगळी फेरी मारावी, तसला हा प्रकार. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तीच बारीक फाइल ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर काढून देते. सलग मोठी फाइल वाचताना साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच जोडणीवर चालणारी) सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास जाते, जुनी डिस्क शंभराच्या आसपास. डब्यावर हा पाचपटीचा आकडा छापलेला असतो, पण तुमचा रोजचा जीव खातो तो त्या बारीक फायलींमधला फरक, आणि तो पाचपटीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

त्यात ४ जीबी रॅमची भर पडते. विंडोज स्वतःच त्यातला निम्म्याहून जास्त भाग व्यापून बसतं. टॅली आणि क्रोम दोन्ही उघडलं की रॅम भरते, मग विंडोज त्यातला काही भाग तात्पुरता हार्डडिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. म्हणजे आधीच हळू असलेल्या डिस्कवर आणखी ओझं. टॅलीतून क्रोमवर गेलात की जे अडकणं होतं ना, ते हेच.

मिस्टरांचं फॉरमॅटचं म्हणणं अगदीच चूक नाही. फॉरमॅट मारल्यावर काही आठवडे बरं वाटतं, कारण सुरुवातीला चालू होणारे प्रोग्रॅम कमी झालेले असतात. पण चकती त्याच गतीने फिरत राहते. आणि तुमच्या लॅपटॉपवर फॉरमॅट ही घाईने करायची गोष्ट नाही. त्यावर दुसऱ्यांचे हिशेब आहेत.

म्हणून सगळ्यात आधी बॅकअप. आजच. दुकानाचं नाव काढण्याच्याही आधी. हार्डडिस्क हळू होण्याचं एक कारण ती मरायला टेकली आहे हेही असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत सांगतं. निळा 'गुड' दिसला तर ठीक, पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसला तर त्या दिवशी दुसरं काही करू नका, डेटा बाहेर काढा. आतून टकटक आवाज येत असेल तर तपासत बसू नका, लागलीच कॉपी करायला घ्या. टॅलीतल्या प्रत्येक कंपनीचा बॅकअप घ्या. शिवाय डेटाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवा. एक्सेल, रिटर्नच्या पीडीएफ, डेस्कटॉपवर पडलेल्या स्कॅन केलेल्या फायली, सगळं घ्या. डेस्कटॉपवरच्या हमखास राहतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तुमच्या गूगल खात्याशी जोडलेले आहेत का तेही बघून ठेवा. दोन प्रती करा आणि एक घराबाहेर ठेवा, बहिणीकडे म्हणा, भावाकडे म्हणा. आणि पेनड्राइव्हवरून एखादी कंपनी खरोखर उघडून बघा. बॅकअप घेतला आहे एवढ्यावर विसंबू नका, तो उघडतो की नाही ते महत्त्वाचं.

टॅलीचं लायसन्स त्या यंत्राशी बांधलेलं असतं. डिस्क बदलायच्या आधी टॅलीतूनच ते 'सरेंडर' करा आणि नव्या डिस्कवर पुन्हा चालू करा. त्यासाठीचा ईमेल आयडी आणि पासवर्ड आठवतोय ना, ते आधी पाहा. डिजिटल सहीचा टोकन यूएसबीवर आहे, तो सुरक्षित राहील, पण विंडोज नव्याने टाकलं तर त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागेल. मुहूर्त म्हणाल तर २० तारखेचं जीएसटीचं ३-बी रिटर्न भरून झाल्यावरचा आठवडा धरा. ११ तारखेच्या आर-१ रिटर्नच्या तोंडावर हे काम अजिबात काढू नका.

आता एसएसडी कुठली घ्यायची. तुमच्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुन्या हार्डडिस्कची अडीच इंची जागा असतेच, आणि काहींमध्ये शिवाय एम-डॉट-टू नावाचा एक रिकामा खाचा असतो. अडीच इंची साटा एसएसडी हार्डडिस्कच्या जागी बसते, त्यात चुकायला वाव नाही. एम-डॉट-टू खाचा असेल तर तो साटाचा आहे की एनव्हीएमई नावाच्या दुसऱ्या जोडणीचा, हे तुमच्या मॉडेलच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघून मगच घ्या. दोन्हींच्या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या तरी एक दुसरीच्या जागी चालेलच असं नाही. एनव्हीएमई कागदावर कितीतरी वेगवान, पण तुमच्या कामात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक जाणवणार नाही. खरी उडी आहे ती चकतीपासून एसएसडीपर्यंतची. आकार ठरवण्यासाठी सी आणि डी ड्राइव्ह मिळून किती भरलेत ते बघा. दीडशे जीबीच्या आत असेल तर २५६ चालेल, मी मात्र ५१२ घ्यायला सांगेन, कारण एसएसडी काठोकाठ भरलेली चांगली नाही. नावाजलेल्या कंपनीची, तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीची आणि पक्क्या बिलाची घ्या. बिलाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार!

रॅमचं गणित सध्या जरा बिघडलेलं आहे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला, त्यामुळे रॅमचे भाव चढले आणि एसएसडीचेही. नवीन लॅपटॉपांच्या किमतीवरही त्याचा बोजा आलाच, तेव्हा नवीन न घेण्याचं हे आणखी एक कारण धरा. तुमच्या प्रोसेसरला लॅपटॉपची डीडीआर-४ रॅम लागते, २४०० च्या वेगाची. दुकानात २६६६ किंवा ३२०० ची मिळाली तरी चालते, ती २४०० वर उतरून काम करते. डीडीआर-३ मात्र बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरी निवडलीत की दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. एक रिकामा असेल तर ८ जीबीची एक पट्टी घाला, एकूण १२ होतील. एकच स्लॉट असेल तर ४ काढून ८ घाला. नवी परवडत नसेल तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पट्टी घ्यायला माझी हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. फक्त बसवल्यावर विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी दुकानातच चालवून घ्या आणि महिन्याभराची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्या. दोन्ही एकदम जमत नसेल तर या महिन्यात एसएसडी, पुढच्या महिन्यात रॅम. उलटा क्रम नको.

बसवायला एमजी रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला अशा दुकानात जा, जिथे तुमच्यासमोर लॅपटॉप उघडतील. "ठेवून जा, संध्याकाळी या" म्हणाले तर दुसरं दुकान बघा. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर जसंच्या तसं उतरवून घेता येतं, त्याला क्लोन करणं म्हणतात. डिस्कची तब्येत 'गुड' असेल तर तुम्ही क्लोनच करून घ्या, म्हणजे टॅली, प्रिंटर, सहीचा टोकन, मराठी फॉन्ट सगळं जागच्या जागी राहील. तब्येत बिघडलेली असेल तर क्लोनच्या फंदात न पडता विंडोज नव्याने टाका. विंडोजसाठी वेगळे पैसे मागितले तर आधी सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' लिहिलंय का पाहा. ते लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, एसएसडी बदलल्याने जात नाही. क्रॅक केलेलं विंडोज कुणी फुकट टाकून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ज्या यंत्रावरून तुम्ही लोकांचे पॅन, बँक आणि जीएसटीचे पासवर्ड वापरता, त्यावर तसलं काही नको.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे म्हणता, तर दुकानाऐवजी मी हे काम त्यालाच करू देईन. बाहेरच्या बाजूचे स्क्रू सगळे सारखे नसतात. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर चिकटपट्टीने लावायचा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो तळहात टेकतो त्या बाजूच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतो. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकण ओढण्याआधी डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती बाहेर सरकवायची. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची वायर काढणं, मग बाकी सगळं. हार्डडिस्क एका पातळ पत्र्याच्या चौकटीत चार बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट जुन्या डिस्कवरून काढून नव्या एसएसडीला लावायची, नाहीतर एसएसडी आत हलत राहते. डिस्कला जाणारी चपटी पट्टीची वायर नाजूक असते, ती टोकाला धरून सरळ ओढायची, वाकडी नाही.

उघडलंच आहे तर पंखाही बघा. पंखा आणि तांब्याच्या पट्टीच्या टोकाला असलेली बारीक जाळी, या दोन्हींच्या मधे धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला असतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. पंखा सोडवून चिमट्याने उचलला की अख्खा तुकडा निघतो. त्या थरामुळे गरम हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपणहून वेग उतरवतो. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हा त्रास दुप्पट होतो. एवढ्या वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (त्याची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे नेणारा लेप) खडूसारखी सुकलेली असेल, ती पुसून नवीन लावून घ्या. खर्च किरकोळ आहे.

बॅटरीकडे मात्र काळजीने बघा. टचपॅड वर उचललेला वाटतोय, किंवा झाकण नीट मिटत नाही असं असेल, तर बॅटरी फुगली आहे. तसं असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, दाबू नका, टोचू नका, आणि नवीन बॅटरी येईपर्यंत न थांबता ही आधी दुकानातून काढून घ्या. फुगलेली नाही पण पाच मिनिटंही टिकत नाही, एवढंच असेल तर ती बदलण्याचा खर्च तुमच्या सोयीने करा. पण वळवाच्या पावसात लाइट गेली आणि लॅपटॉप टॅलीत नोंद करता करता बंद पडला तर डेटा बिघडू शकतो, म्हणून फार लांबवू नका.

रॅम वाढल्यावरच विंडोज ११ वर जा. ४ जीबी ही मायक्रोसॉफ्टची किमान अट आहे खरी, पण त्यावर काम करणं म्हणजे हालच. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून ते मोफत मिळतं. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही असा संदेश आला तर घाबरू नका, तुमच्या प्रोसेसरमध्ये ते आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असेल तर इंटेल पीटीटी नावाने चालू करता येतं. घेताना डॉस लॅपटॉप, म्हणजे विंडोज नसलेला, घेऊन दुकानदाराकडून विंडोज टाकून घेतलं असेल, तर डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असू शकते. मग क्लोनऐवजी नव्याने विंडोज टाकणं सरळ पडेल.

याच प्रश्नाने अडलेल्या आणखी वाचकांसाठी. स्टिकरवर आय-३ ७०२०-यू किंवा ६००६-यू असेल, आणि २०१८-१९ मध्ये असे पुष्कळ विकले गेले, तर एसएसडीने वेग येईल पण विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० ची जी वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. अभ्यास, ऑनलाइन वर्ग, पत्रलेखन एवढंच काम असेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, मोफत आहे आणि मराठी छान टाइप होतं. टॅलीवर पोट असेल तर मात्र त्या यंत्रात पैसे घालू नका. बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर रेघा, मदरबोर्ड एकदा दुरुस्त झालेला, असं दोन-तीन गोष्टींचं दुखणं असेल तरीही नको.

आणि ताई, जुनी हार्डडिस्क दुकानात सोडून येऊ नका. "ही आता काय कामाची" म्हणून काउंटरवर राहिली की त्यातले तुमच्या अशिलांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील तिथेच राहिले. फाइल डिलीट केली तरी ती परत काढता येते. डिस्क घरी आणा आणि दोन-तीन महिने कपाटात ठेवा, काही राहून गेलंय का ते तेवढ्यात कळेल. मग यूएसबीच्या केसमध्ये घालून पूर्ण फॉरमॅट करा, क्विक फॉरमॅट नव्हे. तब्येत चांगली असेल तर बॅकअपची जादा प्रत म्हणून ती वापरता येईल. खराब असेल तर पुसून झाल्यावर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.